कतारगामच्या कबरी, तीन ऑक्झेंडन आणि एक यादी : लिस्पमध्ये पुनरुक्ती टाळून नोंदी कशा जोडाव्यात

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाने कतारगाम दरवाज्याच्या वाटेवरच्या जुन्या युरोपीय कबरस्तानांची फेरी ठरवली होती. येणाऱ्यांच्या हातात द्यायला एक छापील यादी हवी होती : कोण, कधी वारला, काय करत होता. ती तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी कतारगामलाच राहतो. नोकरीपायी खानदेशातून सुरतेला आलो तो इथलाच झालो, आणि संगणकावर लिस्प भाषेत बारीकसारीक कामे करण्याची सवय मला जुनी आहे. यादी छापून झाली, वाटली गेली. फेरी सुरू होऊन दहा मिनिटे झाली नसतील, तोच मंडळातल्या एक ताई कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"काका, हा माणूस मेल्यावर पाच वर्षांनी रायगड चढला होय?"

कागदावर छापले होते : "ऑक्झेंडन, सर जॉर्ज. मृत्यू १६६९. १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेकाला हजर." वाचून मला घाम फुटला. ताईंचा दुसरा प्रश्न अजून अवघड होता. "आणि या घुमटाखाली दोन भाऊ आहेत ना? मग क्रिस्तोफर कुठे गेला?"

क्रिस्तोफरला माझ्या प्रोग्रॅमने खाल्ले होते. आवाज नाही, इशारा नाही. यादीत एकच गोष्ट दोनदा येऊ नये म्हणून मी जी एक ओळ लिहिली होती, तिनेच हे केले. ती ओळ काय करते, तिच्यात काय चुकले आणि आता आम्ही काय करतो, ते इथे सविस्तर मांडतो. गावोगावच्या मंडळांत शिलालेखांच्या, वीरगळांच्या, घराण्यांच्या याद्या करणारी मंडळी आहेत. त्यांना लिस्प येत नसले तरी हा प्रश्न त्यांचाही आहे.

आधी माणसे

सुरतेच्या बाहेरच्या तटाला जे दरवाजे होते, त्यांतला एक कतारगाम दरवाजा. तिथून कतारगामकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला इंग्रज, डच आणि आर्मेनियन लोकांची कबरस्तानं आहेत. आज भोवती हिऱ्यांचे कारखाने, दुकाने, रिक्षांची गर्दी, आणि मध्येच हे मोठाले घुमट. सतराव्या शतकात सुरतेत व्यापार करणाऱ्या कंपन्यांची ऐट या कबरींत उतरली आहे. एकापेक्षा दुसऱ्याचा घुमट मोठा, अशी चढाओढ दिसते.

इंग्रजांच्या भागातली सर्वांत प्रसिद्ध वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. क्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये वारला. त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६२ पासून सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवत बसलेला तो हाच. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आले तेव्हा त्याचा कारभारही याच्याकडे आला, आणि १६६९ च्या जुलैत तो सुरतेत वारला. दोघे भाऊ एकाच वास्तूत आहेत, लेख मात्र वेगवेगळे. क्रिस्तोफरचा लॅटिन लेख मला विशेष आवडतो. त्यात व्यापाऱ्याच्या हिशेबवहीची उपमा चालवली आहे : आयुष्याचा जमाखर्च, नफा, तोटा आणि अचानक आलेला शेवटचा हिशेब.

तिसरा हेन्री ऑक्झेंडन. मराठी माणसाला तीन जणांत हाच जास्त ओळखीचा, कारण ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर गेलेला तो हा.

म्हणजे आडनाव एक, माणसे तीन. माझ्या यादीत उरला होता एक. आणि त्या एकाच्या अंगावर तिघांचे कपडे चढवले होते.

लिस्पमधली यादी म्हणजे काय

लिस्प ही फार जुनी संगणक भाषा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तिची आखणी केली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा मूळ निबंध छापला. तिचे नावच मुळी 'लिस्ट प्रोसेसिंग', म्हणजे यादीवर प्रक्रिया, यावरून आले. आज तिच्या अनेक बोली आहेत. मी वापरतो त्या दोन : कॉमन लिस्प, जिचे प्रमाणीकरण १९९४ मध्ये झाले, आणि इमॅक्स या संपादकाच्या पोटातली इमॅक्स लिस्प.

लिस्पमधली यादी आगगाडीसारखी असते. प्रत्येक डब्यात एक वस्तू आणि पुढचा डबा कुठे आहे त्याची कडी. शेवटच्या डब्याची कडी रिकामी, तिला 'निल' म्हणतात. नवा डबा जोडायचा तर तो इंजिनाच्या बाजूला, म्हणजे पुढे जोडणे सोपे. मागे जोडायचा तर शेवटपर्यंत चालत जावे लागते. म्हणून लिस्पमध्ये भर घालायची ती सहसा तोंडाशी.

आता आपल्याला हवे आहे असे : वस्तू यादीत आधीच असेल तर जोडू नये, नसेल तरच जोडावी. कॉमन लिस्पमध्ये यासाठी 'ॲडजॉइन' नावाचे फंक्शन आहे. (संगणकाला ही नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत लिहितो.)

(ॲडजॉइन 'रांदेर '(कतारगाम अडाजण))

उत्तर येते : (रांदेर कतारगाम अडाजण). आणि

(ॲडजॉइन 'कतारगाम '(कतारगाम अडाजण))

याचे उत्तर : (कतारगाम अडाजण). कतारगाम आधीच होते म्हणून यादी आहे तशीच परत आली.

इथे नवशिक्याची पहिली ठेच लागते. ॲडजॉइन मूळ यादीला हात लावत नाही. ते नवी यादी उत्तर म्हणून देते. ते उत्तर आपण कुठे ठेवले नाही, तर काम केल्यासारखे वाटते आणि यादी जागची हलत नाही. वहीत नोंद करायला सांगावे आणि कारकुनाने ती तोंडी वाचून दाखवून निघून जावे, तसे. उत्तर जागेवर ठेवण्याचे काम 'पुशन्यू' करते :

(पुशन्यू 'रांदेर यादी)

याने 'यादी' या नावाखाली जे आहे तेच बदलते. मी पुशन्यूच वापरत होतो. तेव्हा ही ठेच मला लागली नाही. मला लागली ती पुढची.

'सारखे' कशाला म्हणायचे

'आधीच आहे का' हे ठरवायला तुलना करावी लागते, आणि सारखेपणाच्या लिस्पमध्ये अनेक पायऱ्या आहेत.

सर्वांत कडक तुलना 'ईक्यू'. दोन्ही बाजूंना तीच एक वस्तू असेल तरच होकार. त्याच्या किंचित खाली 'ईक्यूएल'. हा संख्या आणि सुटी अक्षरे मूल्यावरून ओळखतो, बाकी सगळीकडे ईक्यूसारखाच कडक. तिसरा 'इक्वल'. हा आत डोकावतो. दोन मजकूर अक्षरश: जुळले, दोन याद्यांतल्या वस्तू क्रमाने जुळल्या, तर होकार. चौथा 'इक्वलपी' आणखी ढिला. रोमन लिपीतला मोठ्या-लहान अक्षरांचा भेद तो सोडून देतो.

ॲडजॉइन आणि पुशन्यू, आपण काही सांगितले नाही तर, ईक्यूएल वापरतात. वरच्या उदाहरणात कतारगाम हे 'सिंबॉल' होते. लिस्प प्रत्येक सिंबॉलची आपल्याकडे एकच नोंद ठेवते. कितीही वेळा लिहिले तरी वस्तू तीच, त्यामुळे ईक्यूएलला ते ओळखता येते. पण कबरींवरची नावे म्हणजे फाइलमधून वाचलेला मजकूर. "ऑक्झेंडन" हा शब्द फाइलमधून दोनदा वाचला की संगणकाच्या स्मृतीत दोन वेगळ्या वस्तू तयार होतात. अक्षरे तीच, पण वस्तू दोन. ईक्यूएल म्हणतो वेगळ्या, आणि यादीत नाव दोनदा चढते.

माझे आधीचे काम इमॅक्समध्ये होते. तिथे 'ॲड-टू-लिस्ट' नावाचे फंक्शन आहे आणि ते मुळातच इक्वल वापरते, त्यामुळे सगळे ठीक चालले होते. नोंदी वाढल्यावर काम कॉमन लिस्पमध्ये नेले, ॲड-टू-लिस्टच्या जागी पुशन्यू लिहिले, आणि यादी एकदम फुगली. प्रत्येक माणूस जितक्या वह्यांत तितक्या वेळा. त्यात गंमत अशी की, प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेल्या मजकुरावर चाचणी घेतली तर कधीकधी ती पास व्हायची. कारण फाइल कंपाइल करताना सारख्या स्थिर मजकुरांची एकच प्रत ठेवण्याची लिस्पला मुभा आहे. खऱ्या वह्यांवर चालवले की पुन्हा गोंधळ.

उपाय सोपा. तुलना कोणती ते सांगायचे :

(पुशन्यू नाव यादी :टेस्ट #'इक्वल)

मजकूर असेल तर :टेस्ट लिहिल्याशिवाय पुशन्यू वापरू नये, हा पहिला धडा.

देवनागरीच्या दोन खोड्या

:टेस्ट लावूनही काही नावे दोनदा राहिली. पडद्यावर बघावे तर काना-मात्रेचा फरक नाही. डोळे चोळून पाहिले. मग कळले की संगणक अक्षराचे रूप पाहत नाही, आतला क्रमांक पाहतो.

आपला 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो. एक, स्वतंत्र 'ॲ' हे अक्षर. दुसरा, साधा 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. जुन्या फाँटवर, जुन्या कळफलकावर काम केलेल्यांच्या नोंदींत दुसरा प्रकार असतो. दिसायला सारखेच, आत एका ठिकाणी एक क्रमांक तर दुसऱ्या ठिकाणी दोन. 'ॲम्स्टरडॅम' यामुळेच दोनदा आले. युनिकोडमध्ये मजकुराला एकसारखे रूप देण्याच्या ज्या ठरावीक पद्धती आहेत, त्यांतही ही जोडी एक होत नाही. ती आपणच बदलून घ्यावी लागते.

दुसरी खोडी 'गोऱ्यांची कबर' या शब्दांतल्या 'ऱ्य'ची. हे जोडाक्षरही दोन वाटांनी तयार होते. एका वाटेत पायाखाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' असतो, दुसरीत साधा 'र' आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. याशिवाय नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, 'गाव' आणि 'गांव' असली प्रकरणे आहेतच.

म्हणून तुलनेआधी प्रत्येक नाव एका छोट्या 'शुद्ध' फंक्शनमधून काढायचे : कडेच्या मोकळ्या जागा छाटायच्या, चंद्राचा अ एका रूपात आणायचा, ऱ्य एका रूपात आणायचा. एक पथ्य मात्र पाळायचे. शुद्ध केलेले रूप फक्त तुलनेसाठी. वहीत जसे लिहिले होते तसे मूळ रूप नोंदीत राहिलेच पाहिजे. कोणी 'कतारगांव' लिहिले असेल तर ते त्याच्या काळाचे आणि त्याच्या भाषेचे चिन्ह आहे, ते पुसायचा अधिकार आपल्याला नाही.

चावी चुकली, माणूस गेला

आता क्रिस्तोफरकडे येऊ. आमच्या वह्यांत जॉर्ज कधी 'सर जॉर्ज ऑक्झेंडन', कधी 'प्रेसिडेंट ऑक्झेंडन', कधी नुसता 'जॉर्ज ऑक्झेंडन' असा आला होता. पूर्ण नाव जुळवले तर हे तिघे वेगळे ठरत होते. पुशन्यूला आणखी एक सोय आहे, ':की', म्हणजे चावी. पूर्ण वस्तू न पाहता तिचा कोणता भाग पाहून तुलना करायची, ते या चावीने सांगता येते. मला सोपी युक्ती सुचली :

(पुशन्यू नोंद यादी :टेस्ट #'इक्वल :की #'आडनाव)

म्हणजे नव्या नोंदीचे आडनाव काढ, यादीतल्या प्रत्येक नोंदीचे आडनाव काढ, आणि जुळले तर जोडू नको. जॉर्जची तीन रूपे एक झाली. मी खूश. त्यानंतर वहीत क्रिस्तोफर आला. आडनाव ऑक्झेंडन, यादीत ऑक्झेंडन आहे, सोडून दे. हेन्री आला, तोही सोडून दे. प्रोग्रॅमने माझे म्हणणे तंतोतंत ऐकले. वर टिपा गोळा करणारी जी वेगळी ओळ होती, तीही आडनावानेच गोळा करत होती. म्हणून हेन्रीचा रायगड जॉर्जच्या नावे जमा झाला.

आमच्या गल्लीत हिऱ्यांचे वर्गीकरण चालते. तिथे हिरे चाळणीतून काढतात तेव्हा एका भोकातून पडलेले सगळे 'सारखे' असतात. तेच हिरे उजेडात रंगासाठी पाहिले की त्यांचे चार ढीग होतात. चाळणी खोटे बोलत नाही. तिला आकाराचे विचारले, तिने आकाराचे सांगितले. चावी म्हणजे हीच चाळणी. ती कोणती घ्यायची हा निर्णय संगणकाचा नाही, यादी करणाऱ्याचा आहे. तो इतिहासाचा निर्णय आहे, आणि मी तो टाइप करायचा कंटाळा म्हणून घेऊन टाकला होता.

नवी चावी आम्ही अशी केली : शुद्ध केलेले वैयक्तिक नाव, आडनाव आणि मृत्यूचे वर्ष, या तिघांची छोटी यादी. 'सर', 'प्रेसिडेंट' ही बिरुदे चावीतून वगळली, पण नोंदीत ठेवली. इक्वल याद्यांच्या आत डोकावतो, त्यामुळे (जॉर्ज ऑक्झेंडन १६६९) आणि (क्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९) या चाव्या वेगळ्या ठरतात.

इथेही एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. काही नोंदींत वर्ष नसते. लेख झिजलेला असतो किंवा वहीत लिहायचे राहिलेले असते. तिथे आपण 'निल' ठेवतो. आणि लिस्पच्या दृष्टीने निल आणि निल सारखेच! म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे लोक असतील आणि दोघांचेही वर्ष आपल्याला ठाऊक नसेल, तर ते एकच माणूस ठरतात. संगणकासाठी अज्ञात बरोबर अज्ञात. इतिहासात मात्र तसे चालत नाही. जिथे वर्ष किंवा वैयक्तिक नाव नाही, ती नोंद आम्ही मुख्य यादीत घालतच नाही. ती 'तपासायचे' नावाच्या वेगळ्या यादीत जाते आणि तिथे साधे 'पुश' वापरतो, म्हणजे सगळ्या नोंदी राहतात. त्यावर माणूस बसतो, दगडाचा फोटो काढतो, छापील साधने उघडतो, आणि मग ठरवतो.

एकाच माणसाची चार नावे

उलटा प्रश्न डच बाजूला आला. तिथली सर्वांत भव्य कबर हेंड्रिक आड्रियान व्हान रीड याची. हा डच कंपनीचा मोठा अधिकारी. मलबारचा कारभारी असताना त्याने तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध करवला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. आपल्याला यात आणखी एक जिव्हाळ्याची गोष्ट आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र त्यात नागरी लिपीत छापलेले आहे. व्हान रीड १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावर असताना वारला आणि कतारगामच्या वाटेवर विसावला.

आमच्या वह्यांत तो कुठे 'व्हान रीड' होता, कुठे 'व्हान ऱ्हीड', कुठे 'फान रेडे' आणि एका ठिकाणी नुसता 'ड्राकेनस्टाइन', कारण त्याच्या पूर्ण नावाचा शेवट 'टॉट ड्राकेनस्टाइन' असा आहे. कुठलेही शुद्ध करणारे फंक्शन 'रीड' आणि 'ड्राकेनस्टाइन' एक आहेत असे सांगू शकत नाही. ते ज्ञान बाहेरून द्यावे लागते. म्हणून आम्ही उपनावांची एक तक्ता-यादी केली : डावीकडे वहीत आलेले रूप, उजवीकडे आम्ही ठरवलेले मुख्य रूप. चावी काढण्याआधी नाव या तक्त्यातून जाते. तक्त्यातली प्रत्येक ओळ कोणी आणि कशावरून घातली तेही शेजारी लिहितो. जॉर्ज आणि हेन्री एकच आहेत असे उद्या कोणी घाईने लिहिले, तर निदान कोणाला विचारायचे ते कळेल.

दुसऱ्यांदा आलेली नोंद फेकू नये

पुशन्यूचा जो स्वभाव मला सर्वांत उशिरा कळला, तो हा. यादीत आधीपासून जुळणारी नोंद असेल, तर ते नव्या नोंदीला आत घेत नाही. पहिला आला तो राहिला. पण आपल्या कामात दुसऱ्यांदा आलेली नोंद अनेकदा जास्त चांगली असते. पहिल्या वहीत नुसते नाव, दुसऱ्या वहीत लेखाचे पूर्ण वाचन. नाव एकच म्हणून दुसरी वही टाकून दिली, तर यादी नीटनेटकी होते आणि माहिती कमी होते.

हे लक्षात घेऊन आम्ही कामाचे दोन भाग केले. नोंदीसाठी एक आराखडा केला, ज्यात चावी, मूळ रूपे, टिपा आणि साधने असे कप्पे आहेत. नवी नोंद आली की आधी शोधायचे :

(फाइंड चावी यादी :की #'नोंद-चावी :टेस्ट #'इक्वल)

सापडली नाही, तर नवी नोंद पुश करायची. सापडली, तर त्या जुन्या नोंदीच्या कप्प्यांत भर घालायची :

(पुशन्यू साधन (नोंद-साधने जुनी) :टेस्ट #'इक्वल)

पुशन्यू फक्त साध्या नावावर चालते असे नाही. किंमत ठेवता येईल अशा कुठल्याही जागेवर, नोंदीच्या आतल्या कप्प्यावरसुद्धा, ते चालते. म्हणजे माणूस यादीत एकदाच, पण त्याच्याखाली साधने जितकी असतील तितकी. १८७७ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सुरत-भडोच खंड, आमची क्षेत्रवही, फोटोंची वही, सगळी एका नावाखाली. साधन दोनदा मात्र येत नाही.

दोन बारीक गोष्टी. एक, भर तोंडाशी पडते, म्हणून यादी उलट्या क्रमाने तयार होते. शेवटची वही सर्वांत वर. छापण्याआधी वर्षाप्रमाणे लावून घ्यावी. दोन, आधी सगळे जमवून मग 'रिमूव्ह-डुप्लिकेट्स' चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ते जुळणाऱ्या जोडीतली आधीची नोंद काढते आणि नंतरची ठेवते. पुशन्यूच्या बरोबर उलट. ':फ्रॉम-एंड' हा पर्याय दिला की उलटे होते. कोणती ठेवायची हे आपल्याला माहीत नसेल, तर दोन्ही पद्धती धोक्याच्याच.

वेगाचेही विचारतात, म्हणून सांगतो. प्रत्येक भर घालताना सगळी यादी चाळावी लागते. ३०० वेगवेगळ्या नोंदी जोडायला साधारण ४५ हजार तुलना होतात. संगणकाला हे काहीच नाही. पण २० हजार नोंदी झाल्या तर तुलना २० कोटींच्या घरात जातात. तेव्हा 'हॅश टेबल' घ्यावे. त्यात प्रत्येक चावीची जागा तिच्यावरूनच काढता येते, सगळी यादी चाळावी लागत नाही. ते बनवतानाही तुलना इक्वल सांगायला विसरू नये, नाहीतर पुन्हा तीच ईक्यूएलची कथा. एका कबरस्तानाच्या यादीला मात्र साधी यादी पुरते.

आता आम्ही काय करतो

शेवटी आमचे नियम थोडक्यात. मजकुराला :टेस्ट लावल्याशिवाय पुशन्यू नाही. तुलना शुद्ध रूपावर, साठवण मूळ रूपाची. चावी मंडळाच्या बैठकीत ठरते, एकट्याने रात्री बसून नाही. चावीतला कुठलाही भाग रिकामा असेल तर नोंद 'तपासायचे' यादीत. आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रोग्रॅम ज्या-ज्या वेळी एखादी नोंद जुन्या नोंदीत मिसळतो, त्या-त्या वेळी एका फाइलीत ओळ लिहितो, "ही नोंद त्या नोंदीत घातली, अमुक चावीमुळे." ती फाइल छापण्याआधी दोघांनी वाचायची. पहिल्या वेळी ही फाइल असती तर 'क्रिस्तोफर : जॉर्जमध्ये घातला' ही ओळ कोणाच्याही नजरेतून सुटली नसती.

कोणी म्हणेल, तीनशे वर्षांपूर्वीच्या परक्या व्यापाऱ्याचे नाव एका कागदावरून गळले, त्यात एवढे काय? मलाही ताईंनी विचारेपर्यंत तसेच वाटले असते. पण सुरतेच्या हवेत हे लेख दरवर्षी थोडे थोडे झिजतात. काही अक्षरे आज बोटाने चाचपूनच लागतात. उद्या दगड वाचता येईनासा झाला की लोक याद्याच वाचणार. त्या यादीत जो नाही, तो इथे कधी नव्हताच असे होते. यादीत एक नाव दोनदा आले तर वाचणारा हसतो आणि एक खोडतो. दोन माणसांचे एक झाले तर वाचणाऱ्याला ते कळतच नाही. म्हणून शंका असेल तिथे आम्ही आता दोनदा लिहितो.

सुधारलेली यादी पुढच्या फेरीत वाटली. ऑक्झेंडन त्यात दोन आहेत, १६५९ आणि १६६९. हेन्रीला कबरींच्या यादीतून काढून सुरतेशी संबंध आलेल्या माणसांच्या यादीत घातले आहे, त्याच्या रायगडासकट. ताईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, क्रिस्तोफरच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आला बाई परत." मग त्या घुमटाच्या सावलीत त्याचा लेख शोधायला गेल्या.